हरिपाठाची वेळ आणि शिकवणीची वेळ

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरात एक साधाच पेच उभा राहिला. थोरली दहावीत गेली आणि तिच्या गणित-विज्ञानाच्या शिकवणीची वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ अशी ठरली. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरातला हरिपाठही साडेसहालाच सुरू होतो. सर वेळ बदलू शकत नव्हते, कारण त्याआधी त्यांच्याकडे नववीची आणि त्यानंतर पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, मुले येतात. मंदिराची वेळ बदलण्याचा तर प्रश्नच नव्हता. सासूबाई या गावात सून म्हणून आल्या त्याच्याही आधीपासून तिथे दिवेलागणीलाच टाळ वाजत आलेले आहेत. पहिलीपासून आज्जीचे बोट धरून मंदिरात जाणारी मुलगी एके दिवशी दप्तर घेऊन उलट्या दिशेने चालू लागली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तिचे छोटे टाळ पुसले, फडक्यात गुंडाळले आणि कोनाड्यात ठेवून दिले. त्या बोलल्या असत्या तर मला कमी लागले असते.

आता तिचा निकाल लागून गेला आहे आणि ती पीयूसीला जाऊ लागली आहे, त्यामुळे त्या वर्षाविषयी थोडे शांतपणे लिहिता येईल असे वाटते.

आम्ही बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावात राहतो. खालच्या शेतात भात होतो, माळावर रताळी होतात. माझे पती उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पाळीने काम करतात आणि मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते. माझे माहेर खानापूर तालुक्यातले. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आमच्या घरी देवघर होते, पण पुस्तकांचे कपाट त्याच्यापेक्षा मोठे होते. वडील रोज देवाला फूल वाहत, परंतु परीक्षेच्या दिवशी आम्ही भावंडे नमस्काराला वाकलो की म्हणत, “त्याला कशाला त्रास देताय? रात्री अभ्यास केलाय न्हवं?” सासर वारकऱ्यांचे. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, सासूबाईंच्या गळ्यात आहे. त्या चौथी शिकलेल्या आहेत, पण हरिपाठ त्यांना मुखोद्गत आहे आणि ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायातल्या २४७ ओव्यांपैकी निम्म्या तरी त्या पोथी न उघडता म्हणतात. दोन घरांमधला हा फरक लग्नानंतर मला कधी जाचला नाही. मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा मात्र तो जागा झाला, कारण आपल्यापुरते दोन डगरींवर पाय ठेवून माणूस निभावून नेतो, पण मुलांच्या हातात काय द्यायचे हे कधीतरी ठरवावेच लागते.

थोरलीला आम्ही मराठी शाळेत घातले. धाकट्याच्या वेळी धीर खचला आणि त्याला इंग्रजी माध्यमात घातले. त्यामुळे आमच्या घरात अभ्यास तीन भाषांतून चालतो आणि देव एकाच भाषेत असतो.

हरिपाठासाठी रोजचा पाऊण तास द्यायचा तर त्याचे काहीतरी कारण सांगावे लागते, असे मला वाटत असे. मी नोकरी करणारी, बी.एस्सी. झालेली बाई, नुसते ‘देवाचे आहे म्हणून’ असे सांगायला माझी जीभ रेटत नसे. म्हणून मी शेजारणींना, नवऱ्याला आणि पुढे मुलांनाही सांगू लागले की पाठांतराने स्मरणशक्ती वाढते, उच्चार स्वच्छ होतात, एका जागी बसण्याची सवय लागते आणि अभ्यासात लक्ष लागते. धाकट्याच्या बाबतीत माझ्याकडे आणखी एक कारण होते: हा इंग्रजी शाळेत जातो, निदान हरिपाठाच्या पुस्तकामुळे तरी त्याला मराठी वाचता येईल. ही कारणे खोटी नव्हती. थोरलीचे पाठांतर खरोखर चांगले होते आणि धाकटा जोडाक्षरे शिकला तो हरिपाठावरच.

मग दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या चाचणीत थोरलीला विज्ञानात ५० पैकी २३ गुण मिळाले. मी चिडले. माझे बोलून होईपर्यंत ती गप्प राहिली आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, “आई, हरिपाठानं लक्ष लागतं म्हणत होतीस. मी नऊ वर्षं गेलो की. मग माझं लक्ष कुठं लागतंय?” (आमच्याकडे मुलीही ‘मी गेलो’ असेच म्हणतात; बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.)

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण चूक तिच्या तर्कात नव्हती, मी तिला दिलेल्या कारणात होती. स्मरणशक्तीच वाढवायची असेल तर त्याला हरिपाठापेक्षा सरळ उपाय आहेत. लक्षच लागायला हवे असेल तर मोबाईल कपाटात ठेवून दार लावून घेणे पुरे. मी नऊ वर्षे देवाला गुणपत्रिकेच्या दावणीला बांधून ठेवले होते आणि त्यालाच श्रद्धा शिकवणे असे नाव दिले होते. गुण घसरले की ते दावे तुटणार, हे मला कळायला हवे होते. उलट गुण वाढले असते तर ती जास्त वाईट गोष्ट झाली असती, कारण मग तिला आयुष्यभर वाटत राहिले असते की विठोबा ही एक चांगली शिकवणी आहे.

भाषेचे कारणही असेच. १९५६ पासून इथे मराठीचा प्रश्न घराघरात आहे, आणि भजन-कीर्तन हा मराठी ऐकण्याचा, बोलण्याचा, लिहिण्याचा एक भक्कम आधार आहे, हे खरेच. पण मराठी टिकावी म्हणून विठ्ठलाचे नाव घ्यायचे, असे मुलांना सांगितले की त्यांना मराठीविषयी काहीतरी कळते, विठ्ठलाविषयी काहीच कळत नाही. माझ्या ओळखीत असे पुष्कळ लोक आहेत ज्यांना पालखीपुढचा भगवा पताका म्हणून दिसतो की झेंडा म्हणून, हे त्यांचे त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांच्याविषयी मला राग नाही. मीही बरीच वर्षे त्यांच्यातलीच होते.

खरा कस लागला तो फेब्रुवारीत. दरवर्षी माघात आमच्या गावी सप्ताह असतो. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर, असे सात दिवस सात रात्री चालते. वीणा एकदा उभी राहिली की काल्याच्या दिवसापर्यंत जमिनीला टेकत नाही; कोणी कोणत्या प्रहराला ती गळ्यात घ्यायची याची यादी मंडपातल्या फळ्यावर लिहिलेली असते. माहेरवाशिणी येतात, पुण्या-मुंबईला गेलेले लोक रजा काढून येतात, रोज एकेका गल्लीची पंगत असते आणि गव्हाच्या खिरीच्या काहिली शाळेच्या मैदानावर चढतात. थोरली दुसरीत होती तेव्हापासून पारायणाला बसत आली होती. पहिल्या वर्षी तिची पोथी उलटी धरलेली होती, हे अजून गावातले लोक तिला सांगतात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात दहावीची पूर्वपरीक्षा आली.

मी सरळ सांगितले की यंदा नाही. सासूबाई म्हणाल्या, “सात दिसात काय बुडतंय गे? पोरगी सकाळचं दोन तास बसंल, मग अभ्यास करंल.” पती म्हणाले की पारायण राहू दे, रात्रीचे कीर्तन तासभर ऐकू दे. दोघांचेही म्हणणे वाजवी होते. मी ऐकले नाही. मार्चअखेरची परीक्षा ६२५ गुणांची, त्यातले पहिल्या भाषेचे १२५ आणि बाकी पाच विषयांचे प्रत्येकी १००. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पीयूसीला विज्ञान घ्यायचे असेल तर पुढे सगळे इंग्रजीतून शिकायचे, म्हणून पाया आत्ताच पक्का हवा. असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पण त्यात एक आकडा मी कोणाला दाखवला नव्हता, तो म्हणजे, ‘सप्ताहात बसवली आणि पोरीचे गुण गेले’ असे लोक म्हणतील याची भीती. निर्णय आजही मला योग्यच वाटतो. त्याच्यामागचे मन तेवढे स्वच्छ नव्हते.

पहिल्या चार रात्री आम्ही दोघी घरी बसलो. ती त्रिकोणमितीची उदाहरणे सोडवत होती आणि मंदिराच्या शिखराला बांधलेल्या कर्ण्यातून कीर्तन आमच्या स्वयंपाकघरात येत होते. तिला ना उदाहरण सुटत होते, ना कीर्तन नीट ऐकू येत होते. मध्येच बुवा एखादा अभंग घेत आणि तिचे ओठ आपोआप हलू लागत. मग ती दचकून पुन्हा वहीत बघे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि देवाच्या कामाला कोण अडवणार, हेही प्रत्येकाला ठाऊक होते. मला स्पष्ट लिहायला हवे की या बाबतीत मी आमच्या लोकांच्या बाजूची नाही. ज्या गावात वीसेक मुले दहावीला बसलेली आहेत त्या गावात रात्री बारापर्यंत कर्णा लावणे ही भक्ती नव्हे, आणि ते म्हणायला नास्तिक असावे लागत नाही.

पाचव्या दिवशी मी मंडपात गेले. समितीतले तरुण ऐकून घेईनात. मशिदीचे, लग्नाच्या डीजेचे, निवडणुकीच्या प्रचाराचे दाखले देऊ लागले. शेजारी वीणा गळ्यात घालून उभे असलेले म्हातारे अण्णा सगळे ऐकत होते. ते म्हणाले, “दहावीची पोरं किती हाईत गावात?” कोणालाच नेमके सांगता येईना. तिथल्या तिथे गल्लीवार मोजणी झाली, एकवीस निघाली. अण्णा म्हणाले, “मग कर्णा खाली घ्या. आत बसल्याल्यांना ऐकू आलं म्हंजे झालं.” त्या रात्रीपासून आवाज मंडपाबाहेर आला नाही. मला वाटले होते की माझ्यावर रोष येईल. दोन बायकांनी बोलणे सोडले हे खरे, पण तिघींनी घरी येऊन आभार मानले, आणि त्या तिघींच्याही घरी दहावीचे कोणीच नव्हते. एकीच्या घरी आजारी सासरे होते.

काल्याच्या दिवशी सकाळी पूर्वपरीक्षेचा शेवटचा पेपर होता. दुपारी मी पंगतीत वाढत होते, तर थोरली शाळेच्या गणवेशातच मंडपाच्या शेवटच्या रांगेत बसलेली दिसली. मी तिला बोलावले नव्हते. सासूबाईंनीही नव्हते. ती का आली, हे मी तिला तेव्हा विचारले नाही आणि नंतरही विचारले नाही.

त्याच हिवाळ्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला अनपेक्षित होती. एका संध्याकाळी ती ओट्यावर बसून कन्नडचा धडा मोठ्याने वाचत होती. बाराव्या शतकातल्या बसवण्णांचे वचन होते: चोरी करू नको, हिंसा करू नको, खोटे बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याचा तिटकारा करू नको, स्वतःची स्तुती करू नको, आणि हीच आतली शुद्धी, हीच बाहेरची शुद्धी, अशा अर्थाचे. सासूबाईंना कन्नड वाचता येत नाही, पण उभे आयुष्य बेळगावच्या बाजारात रताळी विकण्यात गेल्यामुळे कानाला ती भाषा पूर्ण ओळखीची आहे. त्यांनी वातीचा कापूस खाली ठेवला आणि म्हणाल्या, “परत म्हण बघू.” तिने परत म्हटले. मग तिसऱ्यांदा. सासूबाई म्हणाल्या, “हे आपल्या महाराजांसारखंच बोलतंय की गे.” नातीने मग त्यांना ‘कायकवे कैलास’ याचा अर्थ सांगितला, की आपले कष्टाचे काम हाच कैलास, आणि आज्जीने तिला मळ्यातल्या भाजीत विठाई पाहणाऱ्या सावता माळ्याची गोष्ट सांगितली, जी तिने शंभर वेळा ऐकलेली होती, पण त्या दिवशी पुन्हा ऐकली. पुढे तिनेच शोधून आज्जीला सांगितले की पुरंदरदासांची कन्नड पदे ‘पुरंदर विठ्ठल’ या नाममुद्रेने संपतात. आपला विठोबा मुळात ‘कानडा’ म्हणवला जातो हे सासूबाईंना ठाऊक होतेच. तो कानडीत कसा हाक मारला जातो हे त्यांना नातीच्या शाळेतून कळले.

मी स्वयंपाकघरातून हे ऐकत होते आणि मला थोडी लाज वाटत होती. मी वर्षभर तराजू धरून बसले होते. एका पारड्यात शाळा, दुसऱ्यात मंदिर. ज्या विषयाचा अभ्यास आमच्या भागातले कितीतरी आईबाप केवळ सक्ती म्हणून मुलांकडून करून घेतात, त्याच विषयाच्या तासाला माझ्या मुलीला श्रद्धेची एक गोष्ट मिळाली होती, आणि ती द्यायला मी कुठेच नव्हते.

उलट दिशेचाही अनुभव आहे. ती आठवीत असताना आम्ही सगळे पंढरपूरला गेलो होतो. नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. तिने विचारले, “हे बाहेर का?” सासूबाई म्हणाल्या, “त्यांना आत सोडत नव्हते.” तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: “विठोबानं का सोडलं न्हाई?” दर्शनाच्या रांगेतल्या चार माणसांनी मागे वळून पाहिले. त्या वयात मी असे विचारले असते तर मला गप्प केले गेले असते, आणि खरे सांगायचे तर मलाही तिला गप्प करावेसेच वाटले. घरी आल्यावर मी तिला सांगितले की विठोबाच्या नावावर माणसांनी सोडले नव्हते; चोखोबांनंतर सहाशे वर्षे उलटली तरी ते दार उघडले नव्हते, आणि मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले तेव्हा कुठे मंदिर सर्वांना खुले झाले. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेतले शिक्षक होते, हे मी मुद्दाम सांगितले. श्रद्धा शिकवताना हा भाग गाळायचा नाही, हे मी त्या दिवशी ठरवले. मुलगी तो पुढे पुस्तकात वाचणारच आहे, आणि मग तिला वाटेल की आईला हे ठाऊक होते आणि आईने लपवले. सासूबाईंना हे सगळे फारसे रुचले नाही असे मला वाटले होते. पुढच्या खेपेला पंढरपुरात त्या स्वतःहून चोखोबांच्या समाधीपाशी थांबल्या आणि नातीला म्हणाल्या, “आधी हितं डोकं टेक.”

ग्रहणाचे प्रकरण त्यामानाने सोपे गेले. २५ ऑक्टोबर २०२२ला, दिवाळीतच, सूर्यास्ताच्या वेळी खंडग्रास ग्रहण होते. सासूबाईंनी पाण्यावर तुळशीची पाने ठेवली, थोरलीने पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर सूर्याची प्रतिमा घेतली. दोघींनीही एकमेकींना अडवले नाही, आणि प्रतिमेचा एक कडा खाल्लेला दिसू लागला तेव्हा सासूबाई उपाशीपोटी ती पाहायला भिंतीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

अभ्यास आणि उपासना यांत वैर आहे, असे माझ्या वडिलांना कधी वाटले नव्हते, याचे एक कारण आमच्या माहेरच्या भिंतीवर टांगलेले होते. बाळेकुंद्रीच्या पंत महाराजांची तसबीर. १९०५ साली देह ठेवलेले हे दत्तभक्त बेळगावात शाळेत शिकवत असत. आजही त्यांच्या उत्सवाला लोक ‘अवधूत’ म्हणत बाळेकुंद्रीला जातात, पण वडिलांना त्यांच्याविषयी जिव्हाळा होता तो मुख्यतः सहव्यवसायी म्हणून. ते म्हणत, “ह्या माणसाला वह्या तपासाव्या लागत होत्या, हे विसरू नका.”

नात्यातले एक गृहस्थ मला नेहमी सांगतात की हे सगळे शाळेनेच शिकवायला हवे, म्हणजे आईबापांची ओढाताण होणार नाही. मला ते पटत नाही. संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि ते तसेच असावे. थोरलीच्या वर्गात लिंगायत, जैन, मुस्लिम, ख्रिश्चन अशी सगळी मुले होती. त्यांना आमचा हरिपाठ का पाठ करावा लागावा? आणि दुसरे असे की शाळेने शिकवले की त्याची परीक्षा येणार, परीक्षा आली की गुण येणार, आणि मग मी घरी केलेली चूक सगळ्या गावाला लागू होणार. हे काम घराचेच आहे. ते जड जाते म्हणून दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

पण घराचे म्हणजे कोणाचे? इथे मला माझी सगळ्यात मोठी चूक सापडली, आणि ती दाखवली धाकट्याने. तो सहावीत आहे, पखवाज शिकतो, बोलतो कमी. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी त्याला हरिपाठाला जायला सांगत होते, आणि त्याने चप्पल घालता घालता विचारले, “आई, तू का येत न्हाईस? तू मानतेस का खरंच?” मी भाकरी थापत होते. इतकी वर्षे मी मुलांना आज्जीबरोबर पाठवत होते; मला नोकरी होती, स्वयंपाक होता, आणि मुले देवळात आहेत म्हणजे माझे कर्तव्य झाले असे मी धरून चालले होते. अभ्यासाला मात्र मी स्वतः शेजारी बसत असे. दोन्हींपैकी महत्त्वाचे काय, हे मुलांनी माझ्या शब्दांवरून नव्हे, तर मी कुठे बसते यावरून ओळखले होते.

त्या दिवशी मी त्याला खरे ते सांगितले. आज्जीसारखी माझी श्रद्धा पक्की नाही. पुष्कळ दिवस असे जातात की देव आठवत नाही. पण तुझे आजोबा शेवटच्या आजारात रुग्णालयात होते, तेव्हा नऊ रात्री मी त्यांच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणत होते. त्याने ते बरे झाले नाहीत. बरे होतील म्हणून मी म्हणतही नव्हते. तिथे बसून राहण्यासाठी मला दुसरे काही येत नव्हते, आणि जे येत होते ते तुझ्या आज्जीच्या तोंडून ऐकून ऐकून आलेले होते. बी.एस्सी.ला शिकलेले रसायनशास्त्र मला औषधाच्या बाटलीवरची नावे वाचायला उपयोगी पडले, आणि तेही मला त्या रात्री हवेच होते. एवढेच माझ्याकडे आहे. त्याने विचारले, “आजोबा पण म्हणत होते का?” मी म्हटले, “नाही. ते मला मध्येच थांबवून उच्चार दुरुस्त करत होते.” तो हसला आणि गेला.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस तरी मी पतसंस्थेतून थेट मंदिरात जाते. भाकऱ्या उशिरा होतात. पतींची दिवसपाळी असेल तर ते भात लावून ठेवतात. माझ्या आवाजाविषयी मंदिरातल्या बायकांचे मत फारसे चांगले नाही, पण मला शेवटच्या रांगेतली जागा मिळालेली आहे.

मुले पुढे काय मानतील, हे मी सांगू शकत नाही. थोरली पदार्थविज्ञान शिकून म्हणेल की आई, यातले काहीच खरे नाही, अशी शक्यता आहे. तसे झाले तर मला वाईट वाटेल, आणि तरीही मी तिची शिकवणी बंद केली नसती. अभ्यास थोडा अडवून श्रद्धा वाचवता येते असे मानणारी घरे मी पाहिली आहेत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, आणि तिथे शेवटी मुलीच्या हाती दोन्हीतले काही लागलेले मला दिसले नाही. सासूबाईंना चौथीनंतर शाळेतून काढले ते शेण-गवऱ्यांसाठी. पण नाव देवाधर्माचे पुढे केले होते, हे त्यांनीच मला एकदा सांगितले.

निकाल लागला तेव्हा तिला ६२५ पैकी ५४१ गुण मिळाले. गल्लीत पेढे वाटताना प्रत्येक दारात कोणीतरी म्हणे, “विठोबाची कृपा.” चार-पाच दारे झाल्यावर ती म्हणाली, “सरांची पण.” सासूबाई मागे होत्या. त्या म्हणाल्या, “आणि तुझी. रात्री दिवा कोण जाळत होतं?” २०२५ची आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी आली, त्यामुळे कोणाला काही बुडवावे लागले नाही. थोरलीने उपास केला, दुपारी साबुदाण्याची खिचडी खाऊन ती सोमवारच्या चाचणीच्या अभ्यासाला बसली, आणि संध्याकाळी मंदिरात आली नाही. तिचे टाळ मात्र कोनाड्यातून निघाले होते. ते धाकट्याच्या मित्राने वाजवायला नेले होते.

आता नवा पेच असा आहे की धाकट्याचा पखवाजाचा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी असतो, आणि त्याच्या गणिताच्या शिकवणीचा वार या आठवड्यापासून बुधवारऐवजी शुक्रवार झाला आहे. त्याला अपूर्णांक जमत नाहीत आणि तिहाई चुकत नाही. पखवाजाचे गुरुजी शेतातून आल्यावर शिकवतात, त्यांना दुसरा दिवस मोकळा नाही. शुक्रवार उद्यावर आला आहे, आणि दोघांपैकी कोणाला फोन करायचा हे आमच्याकडे अजून ठरलेले नाही.